गंटर्सव्हिलच्या गवतात बास

गुरुवार

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गंटर्सव्हिल तलावावर बास, म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, धरायला जायचं तर ऑक्टोबरात. उन्हाळाभर पाण्याखाली वाढलेलं गवत तोवर वर येऊन पाण्याला टेकलेलं असतं, एकरच्या एकर हिरवे-तपकिरी पट्टे पसरलेले असतात आणि रात्री गार होऊ लागल्याने मासा खायला सुटलेला असतो. नवखा माणूस असा पट्टा दिसला की बोट दुसरीकडे वळवतो. ज्याला हे पाणी कळतं तो मोटार बंद करतो आणि कान देऊन ऐकतो.

यंदा सोबत मामा होते. मामा गोंदिया जिल्ह्यातले, अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. जन्म ढिवरांच्या घरातला, सारं आयुष्य तलावांवर गेलेलं, गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे जुने सभासद. आमच्याकडे हंट्सव्हिलला महिनाभर राहायला आले होते. अवकाश संग्रहालयातली रॉकेटं पाहून झाली, देवळात जाऊन झालं, आणि मग ते म्हणाले, "बापू, पाणी दाखव ना आता."

हंट्सव्हिलहून ७२ नंबरच्या हायवेने तलावाकाठचं स्कॉट्सबरो तासाभराच्या अंतरावर आहे. गाव सोडताना शेतांत कापूस फुटलेला होता, पुढे कंबरलँड पठाराच्या झाडीने भरलेल्या टेकड्या रस्त्याला चिकटून येतात. मामांचा परवाना निघण्याआधीच ऑनलाइन काढून ठेवला होता. परराज्यातून आणि परदेशातून येणाऱ्यांसाठी अलाबामात सात दिवसांचा परवाना मिळतो. माझी ॲल्युमिनियमची जुनी बोट मागे ट्रेलरवर होती. दुपारी गूस पाँड कॉलनीतल्या केबिनमध्ये सामान टाकलं.

तलावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने १९३५ ते १९३९ या काळात टेनेसी नदीवर गंटर्सव्हिल धरण बांधलं. (हीच ती संस्था, जिच्या धर्तीवर आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं.) या धरणापासून वरच्या निकजॅक धरणापर्यंत सुमारे ७५ मैल पाणी तुंबलं. क्षेत्र सुमारे ६९ हजार एकर, अलाबामातला सर्वांत मोठा तलाव. पण गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट आहे ती पाण्याच्या पातळीची. उन्हाळ्यात समुद्रसपाटीपासून ५९५ फूट, हिवाळ्यात ५९३ फूट. वर्षभरात फरक जेमतेम दोन फुटांचा. टेनेसी खोऱ्यातल्याच डोंगराकडच्या कित्येक धरणांचं पाणी पुरासाठी जागा करायला हिवाळ्यात पुष्कळ खाली उतरवतात. मग काठचं गवत उघडं पडून वाळतं, गोठतं. इथे तसं होत नाही. जुन्या नदीपात्राच्या दोन्ही अंगांना बुडालेली सपाट जमीन आहे, तिच्यावर थोडंच पाणी, तळापर्यंत ऊन पोचतं आणि मुळं कायम ओली राहतात. गवताला आणखी काय हवं?

संध्याकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. लाकडी फळ्यांच्या कडेला तुटून आलेल्या गवताचा पुंजका अडकला होता. मामा गुडघ्यावर बसले, एक काडी उचलली, पानांवरून अंगठा उलटा फिरवला.

"अरे, हे तर आपल्या तलावातलं!"

हायड्रिलाच होती ती. काडीभोवती चार-पाच बारीक पानांचं वेढं, त्यावर पुन्हा वेढं, आणि पानाच्या कडेला दाते. बोटाला खरखर लागते ती त्या दात्यांची. इथल्या पाण्यात दिसायला तिच्यासारखी दुसरीही एक वनस्पती आहे, पण तिच्या पानाला हात लावला तर तो गुळगुळीत सरकतो. इथल्या मासेमारांनाही हीच खूण शिकवतात. मामांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

हायड्रिला मूळची आपल्याकडची, आशियातली. १९५० च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात आली, तिथून कालव्यांत, नद्यांत शिरली. गंटर्सव्हिलमध्ये ती १९८२ मध्ये सापडली. तिच्याआधी युरेशियन मिलफॉइल नावाचं पिसांसारख्या पानांचं गवत इथे ठाण मांडून होतं. तेही बाहेरचंच. या दोघांच्या जिवावर हा तलाव बासच्या मासेमारीत नावाजला. मामा बराच वेळ ती काडी हातात धरून होते. त्यांच्याकडे हेच गवत तलावात लावतात. त्याबद्दल ते बोलले शनिवारी.

शुक्रवार

पहाटे नदीवर धुकं इतकं दाट होतं की धक्क्याचं टोक दिसेना. अशा वेळी मुख्य पात्रात जायचं नाही. तिथे मालवाहू तराफे चालतात आणि त्यांना थांबता येत नाही. धुकं विरळ होईस्तोवर चहा घेतला, दोघांनी लाइफ जॅकेट चढवली, मोटारीचा सुरक्षा-दोर माझ्या जॅकेटला अडकवला आणि मग निघालो. कॉमर पुलाखालून वर जाताना डावीकडे बेलफाँटच्या अणुवीज प्रकल्पाचे दोन प्रचंड मनोरे दिसतात. १९७० च्या दशकात काम सुरू झालं आणि प्रकल्प कधीच पुरा झाला नाही. त्यांच्या पुढे तलावाला मिळणारा मड क्रीक हा ओढा.

मड क्रीकचं तोंड ओलांडलं आणि समोर गवतच गवत. त्यावर चांदव्यांचे थवे चरत होते. काळे पक्षी, पांढरी चोच. मामांनी ओळखले, नवेगाव बांधवर हिवाळ्यात येतात त्यांचे हे अमेरिकन भाऊबंद. चांदवे गवत खातात, म्हणून त्यांचा थवा जिथे दिवसभर बसतो तिथे खाली जिवंत, हिरवं गवत आहे एवढं नक्की समजावं. कुजलेल्या गवताजवळ बास सहसा टिकत नाही. कुजताना ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, आणि हिरवं गवत दिवसा प्राणवायू सोडतं. रंग बघायचा तो यासाठी.

मी मोठी मोटार वर उचलली, पुढची विजेची मोटार पाण्यात सोडली आणि पट्ट्याच्या कडेने सावकाश निघालो. या मासेमारीचं सामान नेहमीच्यापेक्षा जाड असतं. सव्वासात फुटांचा कडक रॉड, भराभर दोरा गुंडाळणारं रील, आणि त्यावर ६५ पौंडी ब्रेडेड लाइन. साधी नायलॉनची दोरी ताणली की लांबते आणि गवतात घासली की तुटते. विणलेला दोरा ताणत नाही आणि गवताची काडी कापत जातो. चार पौंडांचा मासा गवतात घुसला की त्याच्याबरोबर दहा पौंड गवतही ओढावं लागतं. तिथे नाजूकपणा कामाचा नाही.

दोऱ्याच्या टोकाला रबरी बेडूक. आतून पोकळ, मऊ, मागे दोऱ्यांचे दोन पाय. दोन गळ त्याच्या पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवतावरून सरपटतो आणि अडकत नाही. माशाने जबड्यात धरला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. मामांनी तो हातात घेऊन दाबून पाहिला, दोनदा, तीनदा.

"आम्ही जिता बेडूक लावत होतो. मरळीसाठी."

लहानपणी ते बांबूच्या लांब काठीला जाड दोरी बांधून, कमळाच्या पानांमधल्या मोकळ्या जागेत बेडूक नाचवायचे. मासा वेगळा, पण दबा धरून बसण्याची खोड तीच. बास हा सनफिशच्या कुळातला, मरळ दुसऱ्याच कुळातली. नात्याने काही संबंध नाही. दोघांनाही गवताची सावली लागते, दोघेही वरून जाणाऱ्या सावजावर खालून झेप घेतात. एक फरक मात्र मोठा आहे. मरळ हवेतला श्वास घेते. ठरावीक वेळाने तिला वर यावंच लागतं, आणि ती आली की पाण्यावर बुडबुडा, वर्तुळ, काहीतरी खूण उमटते. मामा सकाळपासून तीच खूण शोधत होते. बास कल्ल्यांनी श्वास घेतो. तो तासन् तास गवताखाली राहिला तरी पाण्यावर काही दिसत नाही.

मग शोधायचं कसं? ऐकून. गवताच्या पट्ट्यात ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे मासे असतात. ते गवताच्या खालच्या बाजूला चिकटलेले किडे, गोगलगाई चुपकन ओढून खातात. शांत सकाळी त्याचा आवाज येतो, चुट, चुट, चुट, ओठ मिटून उघडल्यासारखा. ज्या पट्ट्यात हा आवाज दाट आहे तिथे खाणं आहे, आणि जिथे ब्लूगिल आहेत तिथे त्यांना खाणारा बास जवळपास असतो. एकाच रंगाचं, एकाच जाडीचं गवत मैलभर पसरलेलं असतं, पण हा आवाज काही ठरावीक जागीच येतो. मासा आहे त्या पन्नास पावलांत आणि बाकी मैलभर रिकामा. गवतातल्या मासेमारीचं निम्मं काम हे असं ऐकण्याचं आहे, आणि ते न करता सकाळभर बेडूक फेकत बसणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

मामांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने हात वर केला आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे हायड्रिलाच्या पट्ट्यात मिलफॉइलचा एक तुकडा घुसला होता. दोन प्रकारचं गवत जिथे मिळतं ती जागा नेहमीच चांगली. मी बेडूक त्याच्या पलीकडे टाकला, गवतावरून ओढत आणला, एका ताटभर मोकळ्या पाण्यात सोडला आणि थांबवला.

पाणी फुटलं. गवताचा तुकडा हातभर वर उडाला. आणि माझ्या मागून मामा शांतपणे म्हणाले, "थांब... थांब... हां, आता."

ते "थांब" फार महत्त्वाचं आहे. आवाज झाला की हात आपोआप झटका देतो, आणि तेव्हा बेडूक माशाच्या तोंडातून रिकामा निघून येतो. बास गवतासकट चावतो. त्याला बेडूक नीट तोंडात घेऊन खाली वळायला क्षणभर लागतो. दोऱ्यावर वजन जाणवल्यावरच रॉड जोरात वर खेचायचा. मरळीलाही असाच वेळ द्यावा लागतो, मामांच्या अंगात ते पन्नास वर्षांपासून मुरलेलं आहे. मी खेचला, वजन लागलं, आणि पुढचे काही क्षण फक्त रील फिरवत राहिलो. माशाचं डोकं एकदा वर आणलं की खाली जाऊ द्यायचं नाही. गवतावरून घसरत, मागे हिरवा ढीग ओढत, बास बोटीला येऊन टेकला.

पट्टीवर ठेवला तर १९ इंच. पाठ काळपट हिरवी, कुशीवरून एक तुटक काळा पट्टा, आणि जबडा डोळ्याच्याही मागे जाणारा. या तलावात १५ इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ, म्हणजे ह्याच जातीचा बास, ठेवायला परवानगी नाही. हा ठेवता आला असता. मी ओल्या हाताने खालचा ओठ धरून, दुसऱ्या हाताने पोट तोलून त्याला पाण्यात सोडलं.

मामा काही बोलले नाहीत. बराच वेळ. मग म्हणाले, "खायचा नाही तर धरायचा कशाला?"

प्रश्न खरा आहे आणि त्याला मी सरळ उत्तर दिलं. एवढे मोठे बास बहुतेक माद्या असतात, त्या वसंतात अंडी घालतात. या पाण्यावर वर्षभर हजारो लोक गळ टाकतात. प्रत्येकाने मोठा मासा घरी नेला तर चार-पाच वर्षांत तलाव रिता होईल. खायला ब्लूगिल आहेत, क्रॅपी आहेत, ते लवकर वाढतात. मामांना पटलं की नाही सांगता येत नाही, पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की अंड्यावरची मासोळी धरू नये हे त्यांच्या आजोबांनीही सांगितलं होतं. दुपारी त्यांनी स्वतः धक्क्यावरून गांडुळं लावून ब्लूगिल धरले, साफ केले, सोबत आणलेलं तिखट, हळद, मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळले. गोड, पांढरा, काटेरी मासा. भाताबरोबर फार चांगला लागला.

शनिवार

रात्रीत वारा उत्तरेचा झाला. सकाळी आकाश निळंभोर, एक ढग नाही, आणि अंगात स्वेटर. फोटो काढणाऱ्याला असा दिवस आवडतो. बास धरणाऱ्याला नाही. थंड वाऱ्याची लाट येऊन गेली की मासा फिरणं थांबवतो आणि सर्वांत दाट गवताच्या पोटात जाऊन बसतो. वरून जाणाऱ्या बेडकाकडे बघत नाही. मग आपल्यालाच खाली जावं लागतं.

आम्ही साउथ सॉटी क्रीककडे गेलो. तिथे जुन्या ओढ्याच्या काठाने, सात-आठ फूट पाण्यात, हायड्रिलाचा जाड पट्टा होता. मामांना मी विचारलं, "याच्या खाली काय असेल, मामा?" ते म्हणाले, "खाली मोकळं."

बरोबर. हायड्रिला अगदी थोड्या उजेडात वाढते, भर उन्हाच्या एक टक्का उजेडही तिला पुरतो. म्हणून ती इतर गवताआधी अंधाऱ्या तळातून उठते. वर येईपर्यंत फांद्या फुटत नाहीत, नुसती उंच वाढते. पाण्याला टेकली की मग आडव्या फांद्या फोडत सुटते, आणि तिचं निम्म्याहून अधिक वजन वरच्या दीड-दोन फुटांत गोळा होतं. लग्नाच्या मांडवासारखं आहे ते: वर दाट आच्छादन, खाली अंतराअंतरावर खांब आणि मध्ये वावरायला जागा. खालच्या सावलीत पाणी किंचित गार, ब्लूगिल हिंडताहेत, तळाशी झिंग्यासारखे दिसणारे क्रॉफिश, आणि एका खांबाला टेकून बास. त्याला हलायची गरजच नाही.

तिथे पोचायचं तर वरचं आच्छादन भेदायला हवं. यासाठी दीड औंसाचं टंगस्टनचं टोकदार वजन वापरतात. टंगस्टन शिशापेक्षा बरंच जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान होतो आणि गवतातून सहज घुसतो. वजनाच्या वर दोऱ्यात रबरी मणी, म्हणजे वजन आणि गळ वेगळे होत नाहीत. खाली सरळ दांड्याचा मजबूत गळ, आणि त्यावर क्रॉफिशसारखं दिसणारं बोटभर रबरी आमिष. त्याला लांब पाय, लोंबत्या शेपट्या असल्या तर ते गवतावरच अडकतं. आटोपशीर हवं.

लांब फेकायचं नाही. बोट गवताच्या अंगावर नेऊन थांबवायची, आमिष हाताने वर झुलवून सरळ खाली सोडायचं. थप्प, ते गवतावर बसतं. रॉडचं टोक हलवलं की घुसतं, आणि मग दोरा एकदम सैल सुटतो. पलीकडे गेल्याची ती खूण. तळाला टेकलं की एकदा-दोनदा उचलायचं, आच्छादनाच्या खालच्या बाजूपर्यंत आणून क्षणभर टेकवायचं, आणि नाही काही झालं तर काढून दोन हात पुढे. बास बहुधा आमिष खाली पडतानाच घेतो. झटका बसत नाही. दोरा बाजूला चालायला लागतो, किंवा खाली जायला हवं तिथे आमिष जातच नाही. शहाणा मासेमार दोऱ्याकडे बघतो, हातावर विसंबत नाही.

सकाळ अशी गेली. खांदे भरून आले. जागा बदलत गेलो आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली: सरळ कडेला काही नाही, पण जिथे गवताचा पट्टा ओढ्याच्या पात्राकडे टोक काढतो तिथे मासा आहे. त्याला कारण प्रवाह. धरणांतून वीज बनवायला पाणी सोडलं की सगळ्या तलावात मंद ओढ लागते, आणि गवताची टोकं एका दिशेला झुकतात. त्या टोकावर खाणं आयतं वाहत येतं. दुपारी पाणी चालू झालं तेव्हा गवताच्या झुकलेल्या काड्यांवरून मामांनी दिशा आधी सांगितली, मी फोनवर वेळापत्रक बघेपर्यंत.

त्या टोकांवर चांगले मासे मिळाले. एक मामांनी स्वतः धरला. दोरा डावीकडे सरकताना त्यांनी पाहिला, काही बोलले नाहीत, दोन्ही पाय रोवून रॉड वर घेतला. माझ्या माशापेक्षा तो मोठा होता. त्यांनी त्याला पाण्यात धरून ठेवलं, तो शेपटी हलवून निघून जाईपर्यंत.

जेवताना त्यांनी त्यांच्या तलावांची गोष्ट काढली. भंडारा-गोंदियाचे तलाव कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधले, पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडणं सुरू झालं. बेशरमची झुडपं काठावरून आत शिरली. गाळ साचला. मामांच्या तरुणपणी जाळ्यात जे वीस-पंचवीस प्रकारचे स्थानिक मासे यायचे ते दिसेनासे झाले. अलीकडच्या काळात त्या भागातल्या काही संस्थांनी आणि अभ्यासकांनी वेगळा विचार केला: मासा हवा तर आधी त्याचं घर हवं. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बेशरम मुळासकट उपटायची, जमीन नांगरायची आणि हायड्रिला, पट्टीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया, अशा देशी पाणवनस्पती हाताने लावायच्या. बायका या कामात पुढे होत्या. गवत आलं तसे मासे परतले, मागोमाग पाणपक्षीही.

इथलं चित्र उलटं. १९८० च्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत प्रवाह मंदावला, पाणी नितळ झालं आणि या तलावात गवत बेसुमार माजलं. घरांचे धक्के बंद झाले, बोटींचे पंखे अडकले. मग औषधफवारणी झाली, कापणीची यंत्रं आली, आणि १९९० मध्ये नपुंसक केलेले ग्रास कार्प सोडले, आपल्याकडचा गवत्याच तो. त्यातच पुराची वर्षं आली, पाणी गढूळ झालं, गवत घटलं. तेव्हा मासेमारांनी आरडाओरड केली. तो वाद आजही मिटलेला नाही. काठावर घर असलेल्याला धक्क्यापुढे मोकळं पाणी हवं, आणि त्याची अडचण खोटी नाही. पण १९७६, २०१४ आणि २०२० या तिन्ही वर्षी बासमास्टर क्लासिक ही अमेरिकेतली सर्वांत मोठी बास-स्पर्धा या पाण्यावर भरली, ती गवतामुळे. माझं मत विचाराल तर धक्क्यांपुढे आणि बोटींच्या वाटांवर फवारा, बाकी पाण्याला हात लावू नका.

आणि मामांची मरळ? तिच्या सगळ्या कुळाला अमेरिकेने २००२ मध्ये अपायकारक ठरवलं. जिवंत मरळ देशात आणता येत नाही. मामांना हे ऐकून वाईट वाटलं नाही. "तिथली ती तिथं चांगली," एवढंच म्हणाले.

रविवार

सकाळी दक्षिणेचा वारा, पाण्यावर लाटा, ढग. गवतावर बेडूक चालवणं अशक्य. परत निघण्याआधी हातात अर्धाच दिवस होता, म्हणून आम्ही लांब गेलो नाही. गूस पाँडच्या जवळच पाच-सहा फूट पाण्यात व्हॅलिस्नेरियाची शेतं आहेत. ही पृष्ठभागाखाली फूट-दीड फूट राहते. इथली जात अमेरिकनच, पण आपल्याकडच्या तिच्या बहिणीत आणि हिच्यात मामांना फरक दिसला नाही.

अशा बुडालेल्या गवतावरून लिपलेस क्रँकबेट ओढतात: चपटा, कडक, आत छर्रे वाजणारा खोटा मासा. तो मुद्दाम गवताच्या शेंड्यात घुसू द्यायचा आणि रॉडच्या एका झटक्याने फाडून सोडवायचा. सुटताना तो जो उसळतो, दचकलेल्या माशासारखा, तेव्हाच बास धरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, गवत नुकतं फुटत असताना, या तलावावर हीच पद्धत चालते. ऑक्टोबरातही वाऱ्याच्या दिवशी उपयोगी पडते. मासे आले, पण लहान. १५ इंचांच्या आतलेच. मामांना हा प्रकार फारसा आवडला नाही. फार आवाज आणि फार घाई, असं त्यांचं म्हणणं.

त्यापेक्षा त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांनी मला बोट काठापासून खोल पाण्याकडे सावकाश न्यायला लावली आणि गवत कुठे संपतं ते खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पाहत राहिले. नितळ पाण्यात ते नऊ-दहा फुटांपर्यंत गेलं होतं. जिथे ओढ्याचं गढूळ पाणी येऊन मिळत होतं तिथे पाच फुटांतच थांबलं. उजेड जिथवर, गवत तिथवर. मामांनी दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले, बाजूला बोटीच्या वाटेचा छोटा नकाशा काढला.

दुपारी बोट वर काढली. रॅम्पवर बराच वेळ गेला. ट्रेलरच्या चाकांत, आसाला, मोटारीच्या पंख्यात, नांगराच्या दोरात गवताची काडी न् काडी शोधून काढायची. हायड्रिलाचा पानांची दोन-तीन वेढी असलेला तुकडाही दुसऱ्या पाण्यात रुजतो. बोटीतलं पाणी सांडायचं, सगळं वाळू द्यायचं. मी हे दर वेळी करतो आणि न करता निघणाऱ्याला थांबवून सांगतो. इथून पंचवीस मैलांवर एखाद्या शेतकऱ्याचं तळं असेल, त्यात हे गवत त्याला नको असेल. ते तिथे नेण्याचा हक्क मला नाही. मामांनी ट्रेलरखाली वाकून मी न पाहिलेले दोन पुंजके काढले आणि काठावर उंच, उन्हात टाकले.

परतीच्या वाटेवर ते वही उघडून बसले होते. त्यांच्या संस्थेला मे महिन्यात एका तलावात लागवड करायची आहे. आतापर्यंत काठाजवळच लावत होते. या वेळी खोलीकडे किती पुढे जायचं हे पाण्याचा गढूळपणा पाहून ठरवायचं, असं त्यांचं चाललं होतं. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची, हा उपाय मी सांगितला. त्यांनी तोही लिहून घेतला. मी मेमध्ये सुट्टी काढून येतो म्हणालो. एप्रिलअखेर इथले बहुतेक बास अंडी घालून मोकळे झालेले असतात आणि गवत अजून कोवळं असतं, तेव्हा इथे माझ्यावाचून काही अडत नाही. मामा म्हणाले, येताना तो रबरी बेडूक आण, मरळ त्याला फसते का ते बघू.